औषधाच्या चिठ्ठीत एक पेन्सिल

गेल्या आठवड्यात या सदरात मूतखडा आणि उन्हाळ्यात प्यायचे पाणी याविषयी लिहिले होते. त्यावर काही वाचकांनी दवाखान्यात येऊन शंका विचारल्या. त्यांची उत्तरे पुढे कधीतरी देईन. आज ज्या औषधाविषयी लिहायचे आहे ते मेडिकलवर मिळत नाही. शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळते आणि एकदा घेतले की वर्षभर पुरते. वाचकांनी हसू नये, निदान शेवटपर्यंत वाचून मग हसावे.

शिवरात्रीच्या सुमाराची गोष्ट. एक शेतकरी आपल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा बारावी झालेला, लातूरला खोली करून राहतो, नीटची तयारी दुसऱ्यांदा चाललेली. वडील म्हणाले, "साहेब, पोराचं डोकं सारखं दुखायलंय. रात्री झोप येईना, सकाळी उठवलं की चिडतंय. काय करावं बघा." मुलगा खाली मान घालून बसला होता. तपासले. रक्तदाब, नाडी व्यवस्थित. हिमोग्लोबिन थोडे कमी. चष्मा दीड वर्षापूर्वीचा, आणि भिंतीवरच्या तक्त्यातल्या खालच्या ओळी त्याला चष्म्यातूनही वाचता येत नव्हत्या. म्हणजे नंबर वाढलेला. डोकेदुखीचे निम्मे कारण तिथेच सापडले.

मग दिनक्रम विचारला. सकाळी सात ते एक क्लास, जेवण, दुपारी अभ्यासिका, संध्याकाळी पुन्हा क्लास, रात्री एक-दीडपर्यंत वाचन, त्यात मधूनमधून मोबाइल. रविवारी टेस्ट. मी विचारले, "दिवसाउजेडी उघड्यावर किती वेळ असतोस?" त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "मेसला जाताना."

हे एकट्या त्या मुलाचे उत्तर नाही. लातूर पॅटर्नचे नाव राज्यभर झाले, नांदेडही त्या बाबतीत मागे राहिलेले नाही, आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली हजारो मुले आज याच पद्धतीने वाढत आहेत. त्यांतली काही पुढे माझ्यासारखी डॉक्टर होतील, उत्तमच आहे. परंतु वयाची सोळा ते एकोणीस ही वर्षे छताखाली काढलेल्या मुलांचे डोळे, झोप आणि मन यांची किंमत कोणी मांडत नाही, आणि ते हिशेब शेवटी आमच्या दवाखान्यात येतात.

डोळ्यांचे शास्त्र थोडक्यात सांगतो. जवळचे पाहताना डोळ्यातला एक बारीक स्नायू आवळलेला राहतो. दूर पाहिले की तो सैल पडतो. वाढत्या वयात तासन् तास जवळचेच पाहिले आणि भरपूर उजेड मिळाला नाही, तर बुबुळामागचा गोल लांबट वाढत जातो आणि लांबचे धूसर दिसू लागते. ट्यूबलाइटच्या खोलीत साधारण तीनशे ते पाचशे लक्स प्रकाश असतो. बाहेर झाडाच्या सावलीत बसले तरी तो कित्येक हजार लक्स भरतो. या उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचे द्रव्य स्रवते आणि ते डोळ्याच्या लांबट वाढीला आवर घालते, असे मानले जाते. चीनमध्ये ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. काही शाळांत मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर काढले. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना जवळच्या दृष्टीचा, म्हणजे मायनसचा नंबर लागला होता. इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. यात एक गोष्ट स्पष्ट लक्षात ठेवावी, की लागलेला नंबर बाहेर फिरून उतरत नाही. चष्मा घालावाच लागतो.

झोपेचेही तसेच. शरीरातले घड्याळ सकाळच्या उजेडाने लागते. ज्याने सकाळी उजेड पाहिला नाही आणि रात्री एकपर्यंत मोबाइलचा पाहिला, त्याला झोप वेळेवर कशी येणार?

मी मुलाला चष्मा बदलायला सांगितले, लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि चिठ्ठीवर खाली लिहिले: एक शिसपेन्सिल, एक कोरी वही. वडिलांना वाटले चुकून लिहिले. चुकून नव्हते, पण त्यासाठी माझी स्वतःची गोष्ट सांगावी लागेल.

२०१६ चा उन्हाळा कोणी विसरले नसेल. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या वर्षी दवाखान्यात येणारा प्रत्येक माणूस आजाराआधी टँकरचे बोलत असे. माझाही रक्तदाब त्याच काळात १५०/९६ निघाला. गोळी सुरू केली. ती आजही चालू आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण या लेखावरून कोणी गोळी बंद केली तर मला ते पाप लागायचे. एका दुपारी पेशंट नव्हते म्हणून दारात उभा होतो. समोर कडुलिंब. माणसांना प्यायला घोटभर पाणी नाही आणि ते झाड तळापासून शेंड्यापर्यंत फुलले होते, वास थेट तपासणीच्या टेबलापर्यंत येत होता. वीस वर्षे ते झाड तिथे आहे, मी त्याचे फूल जवळून पाहिलेले नव्हते. चिठ्ठीच्या पॅडवर मागच्या बाजूला एक डहाळी काढली. वाईट काढली. पण अर्धा तास कसा गेला ते कळले नाही, आणि त्या अर्ध्या तासात टँकरही आठवला नाही.

आमच्या पिढीच्या एमबीबीएसवाल्यांना चित्र नवे नाही. पहिल्या वर्षी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहायच्या आणि जर्नलमध्ये गुलाबी-जांभळ्या पेन्सिलीने काढायच्या. त्या वेळी आम्ही वैतागत असू, निम्मे जण दुसऱ्याच्या जर्नलवरून उतरवत. सर ओरडायचे, "पुस्तकातलं काढू नका, दिसतंय ते काढा." त्याचा अर्थ आता कळतो. स्पेनचा काहाल नावाचा डॉक्टर आयुष्यभर मज्जापेशींची चित्रे काढत बसला आणि त्या पाहण्यातून त्याने मेंदूची रचना उलगडली; १९०६ साली त्याला नोबेल मिळाले. आपल्याकडे दुर्गाबाई भागवतांनी १९५६ साली 'ऋतुचक्र'मध्ये बारा महिन्यांचे निसर्गदर्शन लिहिले, व्यंकटेश माडगूळकरांना तर लेखणीबरोबर चित्रकाराचा हात होता. आपल्याला एवढे मोठे व्हायचे नाही. आपल्याला फक्त दिसतंय ते काढायचे आहे.

तर त्या मुलाला मी म्हणालो, रविवारी सकाळी माझ्याबरोबर बेटावर ये. वडील म्हणाले, टेस्ट आहे. मी म्हणालो, डोके दुखत असताना दिलेल्या टेस्टचे काय होते ते आपण पाहतोच आहोत. ते मुकाट्याने हो म्हणाले, मनातून म्हणाले असतील असे नाही.

बेट म्हणजे वडवळ नागनाथचे बेट. बाहेरगावच्या वाचकांना वाटेल पाण्यातले. आपल्याकडे माळावरच्या या डोंगराला बेट म्हणतात. चाकूरपासून सोळा किलोमीटर, वडवळ गावापासून तीन. सुमारे तीन किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटर रुंद एवढा हा डोंगर औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे, म्हणून संजीवनी बेटही म्हणतात. पावसाळ्यानंतर तिथे हिरवळ असते हे सगळ्यांना ठाऊक. माझे मत असे, की बेट खरे पाहावे ते फाल्गुन-चैत्रात. गवत वाळलेले, झाडे निष्पर्ण, त्यामुळे प्रत्येक झाडाचा सांगाडा, प्रत्येक घरटे, प्रत्येक शेंग उघडी दिसते. आपला वसंत कोकणासारखा हिरवा नाही. तो काळ्या-करड्या माळावर लाल आणि शेंदरी रंगात येतो.

सहाला निघालो, पावणेसातला पायथ्याशी. वाटेवरच पळस पेटलेला होता. मुलाला म्हणालो, याच्याविषयी तुला काय माहीत आहे? त्याने न अडखळता सांगितले, "फॅबेसी कुळ. के पाच, सी एक अधिक दोन अधिक दोन, ए नऊ अधिक एक, जी एक." फुलाचे सूत्र तोंडपाठ. मी खाली पडलेले एक फूल त्याच्या हातावर ठेवले आणि म्हणालो, यात दाखव. तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "सर, हे फॅबेसीतलं आहे?"

त्याचा दोष नाही. ज्या गावात तो लहानाचा मोठा झाला तिथे बांधाबांधावर पळस आहे. पळसाची पत्रावळ आणि होळीचा रंग त्याच्या आजीने केलेला असणार. पण ते आजीचे पळस आणि सूत्रातले कुळ यांची गाठ कोणी घालून दिली नव्हती.

बसलो दगडावर. त्याने फूल उलगडले. वर एक मोठी पाकळी, ती ध्वज. दोन बाजूंना दोन, ते पंख. आणि खाली दोन पाकळ्या जुळून झालेली वाकडी नौका, राघूच्या चोचीसारखी. संस्कृतात याला किंशुक म्हणतात, म्हणजे 'हा पोपट की काय?'. चोचीच्या आत पुंकेसर. त्याने पेन्सिलच्या टोकाने मोजले. नऊ एका बुडख्यात जुळलेले, दहावा सुटा. "आहे की!" असे तो मोठ्याने ओरडला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा आवाज मी ऐकला. देठाजवळची वाटी काळसर मखमली असते, ती त्याने तीनदा खोडून चौथ्यांदा काढली. चाळीस मिनिटे एका फुलावर गेली.

'पळसाला पाने तीन' ही म्हण आपण उठता-बसता वापरतो. फुले असताना झाडावर पाने शोधायला गेलो तर बहुतेक फांद्यांवर एकही नव्हते. एका खालच्या फांदीला जुने पान राहिले होते. ती तीन पाने म्हणजे एकाच पानाच्या तीन पाकळ्या, मधली मोठी, बाजूच्या दोन जरा तिरप्या. म्हण पाठ असून हे मलाही वही धरेपर्यंत माहीत नव्हते.

झाडावर गलका चालला होता. ज्वारीच्या सुगीत ज्यांना आपण गोफणीने हाकलतो त्या भोरड्या. गुलाबी अंग, काळे डोके. यांना पळसमैना म्हणतात ते का, हे पाच मिनिटांत समजले. चोची फुलांत खुपसून मध पिताना त्यांची कपाळे परागांनी पिवळी झाली होती. हे पाहुणे थंडीत मध्य आशियाकडून येतात आणि चैत्रात परत जातात. त्यांचे चित्र काढणे अशक्य. एक जागेवर बसेल तर शपथ. मुलाने नुसती डोक्याची आणि चोचीची रेघ काढली. ते पुरे असते. हलणाऱ्या जिवाची एक रेघ मिळाली तरी दिवस सार्थकी लागला म्हणायचे. लांब कुठेतरी तांबट पक्षी ठोके घालत होता, दिसला नाही.

वर चढताना मुरुडशेंगेची झुडपे लागली. पिळलेल्या दोरीसारख्या वाळक्या शेंगा. मी एकीचे चित्र काढत असताना शेळ्या घेऊन एक म्हातारबाबा आले. "काय लिहायलाव डॉक्टर?" म्हणाले. लिहीत नाही, चित्र काढतोय, असे सांगितले. त्यांनी वहीत डोकावून पाहिले आणि म्हणाले, "ह्याचं चित्र कशाला, झाड हितंच हाय की." याला उत्तर नव्हते. मग त्यांनी आपण होऊन सांगितले, की पोरांचे पोट मुरडले की ही उगाळून देतात, शेंग डावीकडून पिळलेली की उजवीकडून हे आपण कधी बघितले नाही. आम्ही तिघांनी मिळून दहा-बारा शेंगा पाहिल्या. मुलाने वहीत नोंद केली. बाबा जाताना म्हणाले, "उद्या शेळ्या घेऊन आल्यावर मी बी बघतो."

बेटावरच्या औषधींबद्दल डॉक्टर म्हणून दोन शब्द लिहिणे भाग आहे. लोक इथून मुळ्या खणून नेतात. मी खड्डे पाहिले आहेत. मूळ गेले की झाड गेले. आणि ओळख चुकली की माणूस जातो. धोतऱ्याच्या बिया, चंद्रज्योत एरंडाच्या बिया, लालकाळी सुंदर गुंज, या तिन्ही विषारी आहेत. चंद्रज्योतीचे बी शेंगदाण्यासारखे लागते म्हणून खाऊन उलट्या-जुलाबांनी बेजार झालेली पोरे मी तपासली आहेत. रानातून चित्र आणावे, पाला आणू नये. उन्हाळ्यात साडेआठच्या आत खाली उतरावे, माणशी निदान एक लिटर पाणी, डोक्याला रुमाल, पायात बूट. दगडाखाली हात घालू नये. साप चावलाच तर दोरी आवळू नये, चिरा देऊ नये, अवयव न हलवता सरळ सरकारी दवाखाना गाठावा. आग्या मोहोळ दिसले तर चित्राचा मोह सोडावा.

बेट सर्वांना जवळ नाही हे कबूल. नांदेडकरांना विष्णुपुरीला काळेश्वराच्या देवळापाशी गोदावरीचे अडवलेले पाणी आहे. काठावर अर्धा तास बसले तरी बगळे, पाणकावळे यांनी पान भरते. किनवटकडच्या वाचकांना तर या दिवसांत पहाटे मोहाची फुले वेचणारे घरचेच लोक असतील. तेही नसेल तर गल्लीतला कडुलिंब आहे. उघड्या माळावर टिटवी या दिवसांत खड्यांसारखी दिसणारी अंडी घालते, बहुधा चार, निमुळती टोके आत करून. तिने अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, असे आपले शेतकरी धरून चालतात. ती डोक्यावरून ओरडत झेपावू लागली की समजावे आपण फार जवळ गेलो, आणि मागे फिरावे.

यात वैद्यकीय काय, असे माझे डॉक्टर मित्र विचारतात. १९८४ साली रॉजर उल्रिच यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, ज्यांना विटांची भिंत दिसत होती त्यांच्यापेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषध कमी कडक लागले. रुग्ण थोडे होते, फक्त २३ जोड्या. त्यावरून फार मोठा दावा मी करणार नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, आणि चित्र काढत दगडावर बसणे म्हणजे व्यायाम नव्हे, हेही खरे. बेट चढणे तेवढे व्यायामात धरावे. पण मी तीस वर्षे रोग्यांना 'सकाळी फिरा' सांगत आलो आणि ते कानाला मोबाइल लावून, उसाच्या भावाचे भांडण करत फिरून आले. पाय हलले, डोके जागेवरच राहिले. पेन्सिल हातात असली की ते जमत नाही. पाकळ्या मोजताना भाव आठवत नाहीत.

ज्या मुलाचे जेवण तुटले आहे, जो बोलेनासा झाला आहे, जगण्यात अर्थ नाही असे एकदा जरी म्हणाला आहे, त्याच्या हाती मात्र पेन्सिल देऊन थांबू नये. त्याला त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येते.

आणि आता माझी मागणी. लातूर-नांदेडच्या सर्व क्लासचालकांना विनंती आहे, रविवारची सकाळ नऊपर्यंत मोकळी सोडा. टेस्ट दहाला घ्या, अकराला घ्या. आठवड्यातून तीन तासच मागतो आहे. पालकांनाही सांगणे आहे, की तेवढ्या वेळात पोराच्या हाती पुस्तक देऊ नका. एका क्लासचालकांशी बोललो तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टर, आम्ही सोडू, पण शेजारचा सोडणार नाही, मग पालक तिकडे जातील." म्हणजे सगळ्यांना पटते आणि कोणालाच सुरुवात करायची नाही. जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी, विशेषतः डोळ्यांच्या डॉक्टरांनी, एकत्र येऊन हे मागितले तर कदाचित ऐकतील. मी सही करायला तयार आहे.

पाडव्याला तो मुलगा गावी आला होता, तेव्हा वही घेऊन दवाखान्यात आला. वडील बरोबर होते. डोकेदुखी गेली आहे. नव्या चष्म्याने गेली असणार, श्रेय पेन्सिलला देत नाही. मोबाइल अकराला बंद करतो, सकाळी पंधरा-वीस मिनिटे खोलीच्या गच्चीवर जातो. झोप बरी. वडिलांनी विचारले, "पण साहेब, मार्क?" मुलगा म्हणाला, "तेवढेच आहेत." परीक्षा अजून व्हायची आहे.

वहीत नऊ चित्रे होती. बहुतेक गच्चीवरून दिसणारी: कबुतर, गुलमोहराची काळी शेंग, शेजारच्या पत्र्यावरचा सरडा, आणि दोन पानांवर कडुलिंबाचा मोहोर. माझी २०१६ ची वही मी त्याला दाखवली. ते पहिले चित्र पाहून तो जरा संकोचला आणि म्हणाला, "सर, तुम्ही चार पाकळ्या काढल्या आहेत. पाच असतात. अन् मधे नळी असते, दहा पुंकेसर जुळून झालेली." पेशंट थांबवून आम्ही बाहेर गेलो, झाडाखालची फुले उचलून आणली आणि भिंगाखाली धरली. पाचच होत्या. वहीत दुरुस्ती केली आणि शेजारी तारीख घातली.